मोटारगाडीतील वातानुकूलन यंत्रणा : दोषनिदान आणि घरगुती दुरुस्तीची मर्यादा

विषयप्रवेश

मोटारगाडीतील वातानुकूलन यंत्रणा थंडावा देईनाशी झाली म्हणजे ‘गॅस संपला’ हे निदान बहुधा प्रथम ऐकू येते आणि गॅस भरणे हाच उपाय सुचविला जातो. भौतिकीच्या दृष्टीने पाहता हे निदान पुष्कळदा अपुरे व कित्येकदा सर्वस्वी चुकीचे असते. यंत्रणेतील प्रशीतक द्रव्य पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. ते एका बंद मंडलात फिरत राहते. ते कमी झाले असेल, तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. आणि ते कमी झालेलेच नसेल, तर भरलेला प्रत्येक जादा ग्रॅम यंत्रणेला अपायकारक ठरतो. दोषाचे मूळ कोठे आहे हे ठरविण्यासाठी कोणत्या कसोट्या घरी लावता येतात, त्यांच्यामागे कोणती तत्त्वे आहेत, आणि मालकाने कोठे थांबले पाहिजे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

यंत्रणेची रचना

1939 साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा मोटारीत प्रथम उपलब्ध करून दिली. तिचे थंड होणारे वेटोळे सामानाच्या कप्प्यात होते आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. यंत्रणा बंद ठेवावयाची तर इंजिनावरील पट्टा काढून ठेवावा लागे. पुढे रचना पुष्कळ सुधारली, परंतु मूळ चक्र तेच राहिले.

या चक्राचे चार घटक आहेत. कॉम्प्रेसर हा प्रशीतकाची बाष्परूप अवस्थेतील राशी दाबून तिचा दाब व तापमान वाढवितो. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये ही बाष्प बाहेरील हवेस उष्णता देऊन द्रवरूप होते. प्रसरण झडपेच्या, म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, अरुंद छिद्रातून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. अखेरीस डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये हा द्रव उकळतो व त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता गाडीतील हवेतून घेतो. यांखेरीज मंडलात जलांश शोषून घेणारे ड्रायर असते, आणि कॉम्प्रेसरला वंगण पुरविणारे तेल प्रशीतकाबरोबरच फिरत असते. तेलाची ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

भारतातील बहुसंख्य मोटारींत आर-134ए हे प्रशीतक असते. वातावरणीय दाबाखाली ते उणे 26 अंश सें. च्या सुमारास उकळते. लहान मोटारीच्या मंडलात ते साधारणतः अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असते. 50 अंशांस द्रवरूप होऊन काहीसे अधिक थंड झालेल्या आणि 0 अंशांस बाष्परूप होणाऱ्या एका किलोग्रॅमकडून सुमारे 140 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. चार किलोवॅट शीतन हवे असल्यास दर सेकंदास सुमारे 30 ग्रॅम द्रव्य फिरले पाहिजे. म्हणजेच सगळे प्रशीतक वीस सेकंदांच्या आतच एक फेरी पुरी करते. इतकी अल्प राशी इतक्या वेगाने फिरत असल्यामुळे शंभर ग्रॅमची तूट अथवा अधिकता कार्यक्षमतेवर स्पष्ट परिणाम करते.

दाबमापकावरील वाचनाचा अर्थ

दोषनिदानातील सर्वांत मोठा गैरसमज दाबाविषयी आहे. बंद पात्रात एकाच द्रव्याच्या द्रव व बाष्प अशा दोन अवस्था समतोलात असताना गिब्झच्या अवस्था-नियमानुसार एकच स्वातंत्र्यमात्रा उरते. तापमान ठरले की दाबही ठरतो. द्रव किती शिल्लक आहे यावर तो अवलंबून नसतो. आर-134ए च्या बाबतीत 20 अंशांस हा दाब वातावरणीय दाबाहून सुमारे 470 किलोपास्कल, 30 अंशांस सुमारे 670 किलोपास्कल आणि 40 अंशांस सुमारे 915 किलोपास्कल अधिक असतो. कारागिरांच्या परिभाषेत 30 अंशांचे वाचन म्हणजे सुमारे 97 पौंड.

रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद असताना, दाबमापकाने 30 अंशांस 670 किलोपास्कल दाखविले, तर मंडलात थोडा तरी द्रव शिल्लक आहे एवढेच सिद्ध होते. तो 200 ग्रॅम आहे की 600, हे त्या वाचनावरून कळणे तत्त्वतःच अशक्य होय. वाचन याहून बरेच कमी असेल, तर द्रव संपून केवळ बाष्प उरली आहे. मंडलाचे आतील आकारमान अडीच लिटर धरल्यास 30 अंशांस अशा वेळी शंभर ग्रॅमहूनही कमी द्रव्य उरलेले असते. उलट, वाचन अपेक्षेहून अधिक असेल तर मंडलात हवा शिरली आहे अथवा निराळाच वायू मिसळला आहे, अशी शंका घेतली पाहिजे.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. प्रशीतक दाब पाहून भरावयाचे नसते. ते वजन करून भरावयाचे असते. बॉनेटखालील चिठ्ठीवर प्रशीतकाचे नाव व ग्रॅममधील राशी छापलेली असते. असलेले द्रव्य काढून घेणे, मंडल निर्वात करणे आणि छापील राशी काट्यावर मोजून भरणे, एवढाच भरवशाचा क्रम आहे.

हवेच्या बाजूचे दोष

थंडावा कमी वाटताच प्रथम प्रशीतकाचा विचार करण्याऐवजी हवेचा विचार करावा. या बाजूचे दोष पुष्कळ आढळतात, घरी तपासता येतात, आणि मंडल न उघडता दूर होतात.

पहिली तपासणी केबिन फिल्टरची. बहुतेक गाड्यांत तो हातमोज्यांच्या कप्प्यामागे असतो. धुळीने तो गच्च झाला म्हणजे कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. तेव्हा झोताचे तापमान कमी असूनही गाडी थंड होत नाही. इतकेच नव्हे, तर कॉइलवर बर्फ धरून उरलासुरला मार्गही बंद होतो. प्रवासाच्या आरंभी उत्तम थंडावा, तासाभराने झोत मंद, आणि यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावताच सर्व पूर्ववत्, हे बर्फ धरल्याचे लक्षण होय. फिल्टर स्वच्छ असूनही ते टिकून राहिले, तर कॉइलचे तापमान मोजणारा संवेदक तपासावा लागतो.

दुसरी तपासणी कंडेन्सरची. त्याच्या पातळ पत्र्यांत चिखल, कीटक व पाने अडकून बसतात. हलक्या धारेने पाणी मारून तो स्वच्छ करावा; जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात आणि मार्ग अधिकच अडतो. कंडेन्सरपुढील पंखा यंत्रणा सुरू केल्यावर काही क्षणांत फिरू लागला पाहिजे. गाडी वेगात असताना थंडावा चांगला, परंतु सिग्नलपाशी उभी राहताच झोत कोमट, हा अनुभव पंख्याच्या दोषाकडे निर्देश करतो. कारण वेगात असताना पंख्याचे काम समोरून येणारी हवाच करीत असते.

या निदानाची खातरजमा करण्यास एक सोपा प्रयोग आहे. गाडी उघड्या जागी उभी करून यंत्रणा पूर्ण चालवावी व झोतात तापमापक ठेवावा. नंतर कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी करावी. पाण्याच्या बाष्पीभवनाने कंडेन्सरमधील संघनन-तापमान व दाब उतरतो. झोताचे तापमान यामुळे स्पष्टपणे कमी झाले, तर उष्णता बाहेर टाकण्याच्या मार्गातच अडथळा आहे असे मानण्यास आधार मिळतो. फरक पडला नाही, तर दोष अन्यत्र शोधावा.

तिसरी तपासणी हवेची वाट बदलणाऱ्या झाकणीची. गरम व थंड हवेचे मिश्रण ठरविणारी ही झाकणी अडकली, तर प्रशीतन मंडल निर्दोष असूनही कोमट हवा येते. इंजिनाकडून हीटरकडे जाणाऱ्या नळीतील गरम पाण्याचा प्रवाह रोखता येत असेल, तर तो रोखून पाहिल्यास हा दोष उघडकीस येतो.

हवामानाचा प्रभाव

झोताच्या तापमानावरून यंत्रणेची परीक्षा करताना हवेतील बाष्प विसरून चालत नाही. नागपुरात मे महिन्यातील 43 अंशांची, 20 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा आणि मुंबईतील 33 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा यांची तुलना करावी. दोन्ही 10 अंशांपर्यंत थंड करावयाच्या असल्यास दर किलोग्रॅम कोरड्या हवेमागे नागपुरात सुमारे 42 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर मुंबईत सुमारे 61. दहा अंशांनी कमी तापलेली मुंबईची हवा थंड करण्यास जवळजवळ दीडपट शीतन लागते! कारण मुंबईच्या हवेतून दर किलोग्रॅममागे सुमारे 15 ग्रॅम पाणी काढून टाकावे लागते आणि शीतनाचा मोठा भाग त्यातच खर्ची पडतो. यास्तव कोकणातील पावसाळ्यात झोत तितकासा थंड नसणे हे सर्वस्वी दोषाचे लक्षण मानू नये. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे उलट यंत्रणा काम करीत असल्याचे चिन्ह आहे. ते पाणी गाडीखाली न पडता पायपोसाखाली साचत असेल, तर निचऱ्याची नळी चोंदली आहे. ती बाहेरून मऊ नळीने मोकळी करता येते.

चाचणी घेताना आतील हवा फिरविण्याची कळ लावून, खिडक्या मिटून, पंखा मध्यम वेगावर ठेवून, दहा मिनिटांनंतर वाचन घ्यावे, आणि बाहेरील तापमान व आर्द्रता यांची नोंद त्यासोबत ठेवावी. त्यांवाचून केलेले वाचन तुलनेस निरुपयोगी असते.

विद्युत् मंडलातील दोष

कळ दाबताच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून बसतो आणि इंजिनाच्या गतीत किंचित फरक जाणवतो. अनेक नव्या गाड्यांत क्लच नसलेला, बदलत्या धारणेचा कॉम्प्रेसर असतो. त्यांना ही कसोटी लागू नाही. क्लच असूनही आवाज येत नसेल, तर फ्यूज पाहावा. तो जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. दुसराही जळल्यास अधिक क्षमतेचा बसविण्याचा मोह टाळून तार कोठे चिकटली आहे ते शोधावे. रिले त्याच पेटीतील तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून पाहता येतो.

क्लचच्या वेटोळ्याचा रोध सामान्यतः 3 ते 5 ओहम असतो. येथे एक विशिष्ट दोष अभ्यासण्यासारखा आहे. थंड इंजिनावर यंत्रणा उत्तम चालते, अर्ध्या तासाने बंद पडते, आणि गाडी निवताच पुन्हा सुरू होते. अशा वेळी ‘गॅस कमी’ हे निदान ठरलेलेच असते. वास्तविक तांब्याचा रोध दर अंशास सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. वेटोळे 25 वरून 105 अंशांवर गेले, तर रोध सुमारे 31 टक्क्यांनी वाढून प्रवाह मूळच्या 76 टक्क्यांवर येतो. चुंबकीय ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे 58 टक्केच उरते. त्यात झिजेमुळे क्लचच्या तबकडीतील फट रुंदावलेली असली, म्हणजे उरलेली ओढ तबकडी खेचण्यास अपुरी पडते. ही फट सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. फिलर गेजने ती मोजून, आतील पातळ चकती काढून कमी करणे, हा पुष्कळ गाड्यांत प्रशीतन मंडलाला हात न लावता होणारा इलाज आहे.

मंडलातील दाब फार उतरला की दाब-कळ क्लचचा प्रवाह तोडते. म्हणून क्लच न बसणे हे गळतीचेही लक्षण असू शकते. या कळीच्या दोन तारा जोडून क्लच जबरीने चालविण्याची रीत अत्यंत घातक आहे. प्रशीतक नसल्यास तेलही परत येत नाही, आणि कोरडा फिरणारा कॉम्प्रेसर अल्पावधीत निकामी होतो.

नळ्यांच्या तापमानावरून निदान

यंत्रणा चालू असताना कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी जाड नळी थंड व घामेजलेली, आणि कंडेन्सरकडून झडपेकडे जाणारी बारीक नळी उबदार असावी. स्पर्श करण्यापूर्वी इंजिन बंद करावे. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी नळी हात भाजण्याइतकी तापलेली असते. बारीक नळी मध्येच एके ठिकाणी थंड लागली, तर त्या जागी अडथळा असून तेथेच दाब उतरतो आहे, असे समजावे.

दाबमापकांची वाचने कार्यशाळेत घेतली गेली, तर मालकाने ती विचारून घ्यावी व पुढीलप्रमाणे पडताळावी. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील, तर प्रशीतक कमी आहे. दोन्ही अधिक असतील, तर कंडेन्सरवरील हवा अपुरी आहे, प्रशीतक जादा आहे किंवा मंडलात हवा शिरली आहे. खालचा दाब अधिक व वरचा कमी असेल, तर कॉम्प्रेसर झिजलेला आहे. खालचा दाब निर्वाताकडे झुकत असेल, तर प्रसरण झडपेपाशी अडथळा आहे. हा अडथळा काही वेळाने आपोआप सुटून पुन्हा होत असेल, तर मंडलात शिरलेला जलांश झडपेत गोठतो आहे, असे मानावे. ‘दोन्ही अधिक’ या स्थितीत गॅस भरला, तर दोष वाढतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

गळती आणि तिची किंमत

गळती शोधण्यास तेलाचा डाग हा पहिला साक्षीदार होय. प्रशीतक उडून जाते, तेल मागे राहते आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे, कंडेन्सरचा खालचा भाग, कॉम्प्रेसरच्या दंडाभोवतीचे सील आणि प्रशीतक भरण्याच्या झडपा, या जागा क्रमाने पाहाव्या. साबणाच्या पाण्याने मोठी गळती दिसते. सूक्ष्म गळतीस पूर्वी भरलेले रंगद्रव्य व अतिनील प्रकाशाची बॅटरी लागते. हिवाळ्यातही दोनतीन आठवड्यांतून एकदा दहा मिनिटे यंत्रणा चालवावी, म्हणजे दंडाचे सील तेलाने ओले राहते.

गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरीत राहण्याचे दोन परिणाम होतात. एक तर प्रशीतकाबरोबर तेलही जाते. दुसरा परिणाम वातावरणावर होतो. पूर्वी वापरात असलेल्या आर-12 मधील क्लोरिनाने ओझोनच्या थराचा नाश होतो, हे मोलिना व रोलंड यांनी 1974 साली दाखविले. 1987 च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर थांबविण्यात आला. आर-134ए ओझोनला निरुपद्रवी असले, तरी शंभर वर्षांच्या कालावधीत ते त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट तापनक्षम ठरते. अर्धा किलो प्रशीतक हवेत सोडणे म्हणजे 715 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणे होय. एक लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून सुमारे 2.3 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने हे 310 लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. लिटरला 15 किलोमीटर चालणाऱ्या गाडीने पुण्याहून मुंबईस सुमारे तीस वेळा जावे, इतका हा भार आहे. याच कारणास्तव युरोपीय संघात 1 जानेवारी 2017 पासून सर्व नव्या मोटारींत 150 हून अधिक तापनक्षमतेचे प्रशीतक वापरण्यास बंदी आहे आणि आर-1234वायएफ प्रचारात आले आहे. ते सौम्य ज्वलनशील आहे, हेही लक्षात ठेवावे.

घरगुती दुरुस्तीची सीमा

प्रशीतन मंडल उघडणे ही घरगुती दुरुस्तीची सीमारेषा मानली पाहिजे. यामागे केवळ भीती नसून भौतिक कारणे आहेत. अंगावर उडालेला द्रव तत्काळ उकळून त्वचा गोठवितो व डोळ्यांस कायमची इजा करतो. प्रशीतकाचा ज्योतीशी संबंध आल्यास हायड्रोजन फ्ल्युओराइडसारखे विषारी वायू निर्माण होतात. उघडलेल्या मंडलात शिरलेला जलांश काढण्यास आतील दाब पाण्याच्या बाष्पदाबाहून खाली न्यावा लागतो. 25 अंशांस हा बाष्पदाब पाऱ्याचा सुमारे 24 मिलिमीटर असतो. त्यासाठी निर्वात पंप लागतो व तो पुरेसा वेळ चालवावा लागतो. गळती तपासण्यासाठी मंडलात दाबाखाली हवा भरणे तर सर्वथा वर्ज्य होय; कारण पुरेशा हवेबरोबर व दाबाखाली आर-134ए ज्वलनक्षम मिश्रण बनवू शकते. त्यासाठी कोरडा नायट्रोजनच वापरतात. आर-134ए च्या मंडलात स्वयंपाकाचा गॅस अथवा तत्सम हायड्रोकार्बन भरणे हाही असाच जीवघेणा प्रकार आहे. विजेवर चालणाऱ्या व संकरित मोटारींत कॉम्प्रेसर उच्च विद्युत् दाबावर चालतो. नारिंगी वेष्टनाच्या तारा दिसताच हात आवरावा.

मंडलाबाहेरील कामेही सावधपणे करावी. इंजिन चालू असताना सैल कपडे पट्ट्यात अडकतात. पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात सुरू होऊ शकतो. आणि बंद गॅरेजात इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो.

उपसंहार

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम निश्चित होतो. प्रथम हवा, नंतर वीज, त्यानंतर नळ्यांची तापमाने, आणि सर्वांत शेवटी प्रशीतक. पहिल्या तीन पायऱ्या फिल्टर, पंखा, निचरा, फ्यूज, रिले, क्लचची फट अशा गोष्टींपुरत्या असून त्यांतील बहुतेक कामे मालकास घरी करता येतात. चौथ्या पायरीवर त्याने स्वतः हत्यार उचलू नये. परंतु तेथेही तो निरुपाय नसतो. गळती कोठे आढळली, मंडल किती वेळ निर्वात ठेवले, जुने द्रव्य किती निघाले आणि नवे किती ग्रॅम भरले, हे चार प्रश्न त्याने अवश्य विचारावे. जुन्या द्रव्याचे वजन छापील राशीइतकेच निघाले, तर दोष प्रशीतकाच्या तुटीचा नव्हताच, हे त्याच क्षणी सिद्ध होते, आणि पुढील शोध योग्य दिशेने सुरू करता येतो.